फूटभर रेडा, सहाफुटी स्तूप



मी गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा दहावीला सुटली. त्यानंतर जो काही इतिहास शिकलो तो निम्मा उसन्या पुस्तकांतून आणि निम्मा जयंतीच्या चित्ररथावर, हात खळीनं बरबटलेले असताना. म्हणून हा लेख मोठ्या इतिहासाचा नाय. लहान करून बनवलेल्या वस्तूंचा आहे. रथ, हत्ती, स्तूप, किल्ला, गाव. या वस्तू कुणी बनवल्या, कशाच्या बनवल्या, आणि बनवताना काय गाळलं, एवढंच बघायचं आहे.

सोनईला आमच्या वस्तीनं ठरवलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दीक्षाभूमीचा स्तूप उभा करायचा. पूर्वी सोपं होतं. थर्माकोल आणायचा, तापल्या तारेनं कापायचा, चिकटवायचा. 2018 साली राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि पोरांचे हात थांबले. एकजण म्हणाला, फ्लेक्स छापून आणू. तेव्हा वस्तीतले बुरूडकाम केलेले एक आबा बोलले, "फ्लेक्सला पाठ नसती बाबा. स्तूपाला चारी अंगानं बघायचं असतं." दुसऱ्या दिवशी ते कोयता आणि दोन बांबू घेऊन आले. तिथून माझा इतिहास सुरू झाला.

आपल्याच नगर जिल्ह्यात (नाव आता अहिल्यानगर) श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठाला दायमाबाद आहे. 1974 साली तिथं छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा शेतकरी झुडपाचं बूड खणत होता. कुदळीला धातू लागला. बाहेर काय निघालं? दोन बैलांचा रथ, 45 सेंटिमीटर लांब, त्यात उभा 16 सेंटिमीटरचा माणूस. चाकांवर उभा रेडा, 31 सेंटिमीटर उंच, म्हणजे बरोबर फूटभर. चाकांवर गेंडा. आणि एक हत्ती, त्याची चाकं हरवलेली. चौघांचं वजन मिळून साठ किलोच्या वर. पुढं भारतीय पुरातत्त्व खात्याच्या सालींनी 1975 ते 1979 तिथं उत्खनन केलं. त्यांच्या मते या वस्तू उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांच्या. तांब्यात आर्सेनिक टक्क्याच्या वर भरतं म्हणून काहींनी हा काळ नाकारला. तो वाद तज्ज्ञांचा. मला दिसतं ते वेगळं. एवढं वजन पोराच्या खेळण्याचं नसतं. मिरवणुकीत ओढत नेत असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. खरं असेल तर चित्ररथ ही काय आपण काल काढलेली टूम नाय. प्रवरेच्या काठावर लहान रथ ओढत नेणारे लोक आपल्या कितीतरी आधी होऊन गेले.

ओतकामाची जुनी रीत समजून घ्या. आधी मेणाचा प्राणी घडवायचा. वर बारीक मातीचा लेप, मग भरड मातीचा. भाजलं की मेण वितळून वाहून जातं आणि आत पोकळी राहते. तिच्यात तापलेला रस ओतायचा, निवला की साचा फोडायचा. साचा फुटतो म्हणून तसाच दुसरा निघत नाय. प्रत्येक वस्तू एकुलती. बस्तरचे घडवे आजही याच रीतीनं काम करतात. मेणावर कारागिराच्या बोटाचा ठसा राहिला तर धातूतही उतरतो. नाव मात्र उतरत नाय.

दायमाबादचा रथ कुणी घडवला, त्याचं नाव कुठंच नाय. सापडवणाऱ्याचं नाव तरी आहे. ते आपण घ्यायला शिकलं पाहिजे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात यातले काही प्राणी आहेत. सहा डिसेंबरला दादरला जाता, तेव्हा एक दिवस जादा काढा आणि बघून या.

आता डोंगरात चला. भाजे आणि कार्ले. पाठ्यपुस्तकात लिहितात, कोरीव शिल्पकला. पण सुताराच्या नजरेनं बघितलं तर कळतं, ही लाकडी घराची दगडातली नक्कल आहे. भाज्याचे खांब आत कललेले आहेत. दगडाला कलायची काय गरज? गरज लाकडाला असते, छताचा रेटा पेलायला. दगडात कोरणाऱ्यानं लाकडी घर जसंच्या तसं उतरवलं, कलासकट. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी आजही आहेत. आणि दर्शनी भिंतींवर बघा, तीच कमान, तोच कठडा, वीतभर करून रांगेनं कोरलेला. मोठ्या चैत्याच्या अंगावर लहान चैत्य. भाज्याला एका ठिकाणी चौदा लहान स्तूप आहेत, पाच आत, नऊ बाहेर. काहींवर भिक्खूंची नावं आहेत.

नावं! इथं नावं आहेत. कार्ल्याच्या लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय, लेण्याचं दार त्यानं केलं म्हणून. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांचं. हस्तिदंतावर बोटभर नक्षी करणारे हात दगडावर आले, म्हणून ते तोरण इतकं बारीक आहे. जुन्नरच्या लेखात वसकारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. वसकार म्हणजे बांबूकाम करणारे. आबांना हे वाचून दाखवलं. ते कांब तासत होते. म्हणाले, "म्हंजी लोक आमच्याकडं पैसं ठेवीत होते?" होय आबा, ठेवीत होते. बुद्धाच्या लेण्यांच्या काळात बांबू चिरणाऱ्याची पत होती. पुढं त्याच धंद्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं. धंदा तोच, बांबू तोच. बदलला तो समाज.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग भारतात आला. त्यानं लिहून ठेवलंय, की इथले लोक सुगंधी चूर्ण मळून पाच-सहा इंचांचे स्तूप बनवतात आणि आत धम्मवचन लिहून ठेवतात. ज्याला मोठा स्तूप बांधणं झेपत नाय तोही हातभर मातीत स्तूप बांधू शकतो. लहान केलं की वस्तू गरिबाच्या आवाक्यात येते. प्रतिकृतीचा खरा अर्थ मला इथं कळला.

आता आमच्या ट्रॉलीकडे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. तिथल्या स्तूपाचं काम 1978 ला सुरू झालं, वास्तुकार शिवदान मल. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उद्घाटन केलं. रूप सांचीवरून घेतलं, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा पोकळ, आत माणसं बसतात. व्यास 120 फूट, उंची 120 फूट. आम्ही वीस फुटाला एक फूट धरलं. 120 भागिले 20, सहा फूट. सांचीचाही व्यास 120 फुटांच्या आसपासच, पण उंची 54. त्याच मापानं तो पावणेतीन फुटांचा होईल. हे गणित पोरांनी केलं आणि त्यांना कळलं, की सांचीची नक्कल म्हणजे सांची नव्हे.

काम असं झालं. बांबूच्या कामट्या रात्रभर भिजवल्या, मग वाकवून सुतळीनं बांधल्या. खाली कडं, वर कडं, मधे उभ्या फासळ्या. त्यावर रद्दी, मैद्याच्या खळीत बुडवून. खळीत चिमूटभर मोरचूद, नायतर किडे लागतात. मोरचूद विषारी, म्हणून ते काम मोठ्यांनीच केलं आणि हात धुतले. पहिल्यांदा आम्ही घाई केली, चार थर एकदम दिले. ओला कागद वाळताना आखडतो. सकाळी घुमट एका अंगाला बसलेला. सगळं फाडलं. मग एक थर आडवा, तो वाळला की दुसरा उभा. सांधे बुजवायला लगदा केला, तेव्हा शेजारची म्हातारी ओरडली, "मेथ्या वाटून घाला रं, भेगा जातील." तिनं जन्मभर सूप-टोपल्या अशाच लिंपल्या. शेवटी खडूची पूड सरसात कालवून दोन हात, पॉलिश पेपर, आणि वर पांढरा डिस्टेंपर. जवळ उभं राहिलं तरी कागद वाटेना.

दिवाळीचा किल्लाही बघा. दगड, गोणपाट, चिखल, वर पेरलेली हळीव आणि मोहरी. कुंभाराचे मावळे. सिंहासनावर महाराज. मीही केलाय. पण गडाच्या पायथ्याला घेऱ्यातली मेटं कुणी करतं का? ग्रँट डफनं 1826 च्या इतिहासात लिहिलंय, की गडावर ब्राह्मण, मराठे यांच्याबरोबर रामोशी, महार, मांग असत. वाटा ओळखणं, बातमी काढणं, पहारा करणं ही कामं या शेवटच्या तिघांची. सगळ्यांना मिळून गडकरी म्हणत. आपल्या चिखलाच्या किल्ल्यात पहारेकरी आहे, त्याचं खोपटं नाय. एक खोपटं करायला मूठभर चिखल लागतो.

शाळेत असताना आम्ही तिघांनी गावाची प्रतिकृती केली होती. देऊळ, चावडी, शाळा, उसाची शेतं. मी आमची वस्ती लावली, वेशीबाहेर, जिथं आहे तिथं. गुरुजी म्हणाले, ही काढ, प्रदर्शनात बरी दिसत नाय. मी काढली. बक्षीस मिळालं. ते बक्षीस मला अजून टोचतं.

कारण बाहेर सोनईचं नाव सांगितलं की लोक 2013 चा पहिला दिवस आठवतात. तीन मेहतर तरुणांचे खून. त्यातल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. टाकी साफ करायच्या निमित्तानं बोलावून मारलं. 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. जी वस्ती प्रतिकृतीतून काढली जाते, तिथल्या माणसांना खऱ्या गावातून काढायला हात कचरत नाय. मला हे उशिरा कळलं.

यंदा स्तूपाच्या खाली आम्ही फळी ठोकली आणि तिच्यावर नावं लिहिली. आबांचं, मेथ्यावाल्या म्हातारीचं, कागद फाडणाऱ्या पोरींचं, ट्रॉली ओढणाऱ्या ड्रायव्हरचं. वर्गणीदारांची वेगळी, बारीक अक्षरात. एकजण रागावला. रागावू दे. सामी सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलंय.

तुमच्या गावात चित्ररथ होत असेल तर मापं लिहून ठेवा, साहित्य लिहून ठेवा, नावं लिहून ठेवा. आणि गावाची प्रतिकृती करणार असाल तर आपली वस्ती आधी लावा. बाकीचं गाव मग लावता येतं.

जयभीम.