दूरध्वनी वर्ग करणे

कचेरीतील एका दूरध्वनीवर आलेला फोन न तोडता दुसऱ्या अंतर्गत दूरध्वनीकडे सोपविण्याची क्रिया. मुंबईत १८८२ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले, त्या काळी चालक फलकावर दोर खोवून जोडणी करी; पुढे स्वयंचलित खाजगी केंद्रे (ईपीएबीएक्स) रूढ झाल्यावर हे काम प्रत्येक मेजावरून होऊ लागले (→ दूरध्वनिविद्या). बहुतेक यंत्रणांत ‘फ्लॅश’ कळ दाबताच मूळ संभाषक प्रतीक्षेत राहतो व अंतर्गत स्वर ऐकू येतो. मग इच्छित क्रमांक लावून, सहकाऱ्यास पूर्वसूचना देऊन अथवा न देता, रिसीव्हर ठेवला असता उभयतांची जोडणी होते. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे परिसरासारख्या ऊसपट्ट्यात, साखर कारखान्याच्या कचेरीत ऊसतोडीची चौकशी शेतकी खात्याकडे आणि बिलाची लेखा खात्याकडे वर्ग झाल्याने शेतकऱ्याचा पुन्हा फोन लावण्याचा खर्च व हेलपाटा वाचतो (→ सहकारी साखर कारखाने).