शेवटची लोकल गेल्यावर

गिरगावात घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे शेवटची लोकल जायची वाट बघायची! गिटारचं एक बरं आहे. खरा अ‍ॅम्प्लिफायर लावून चाळ जागी करण्यापेक्षा ती थेट कॉम्प्युटरला जोडायची, आणि प्लगिनमधले अ‍ॅम्प एकेक करून लावून बघायचे. गाणं मात्र माइकवरच घ्यावं लागतं, आणि माइक सगळंच ऐकतो...

हे दुखणं जुनंच. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' करताना आर्देशिर इराणींचीही हीच पंचाईत झाली होती. ज्योती स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून. टॅनार यंत्रणेत आवाज चित्राबरोबर थेट फिल्मवर उमटायचा. म्हणून गाड्या थांबल्या की रात्री १ ते ४ शूटिंग! माइक लपवलेले, वादकही कॅमेऱ्याच्या नजरेआड. १४ मार्च १९३१ रोजी सिनेमा आमच्या गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला.

आज त्याची एकही प्रत सापडत नाही. इतकी जागरणं करून टिपलेला आवाज गेला तो गेलाच.

म्हणून म्हणतो, अ‍ॅम्प कुठला हा प्रश्न दुय्यम. आईच्या ओव्या परवा रेकॉर्ड केल्यात. मागे लोकलची शिट्टी आहे, असू दे. तुम्हा सगळ्यांना एकेक प्रत पाठवतोय. जपून ठेवा.