खाऱ्या मातीची मशागत

पेणेहून वडखळच्या वाटेने धरमतरच्या खाडीकडे निघालेल्या प्रवाशास दोहो अंगांना भातखाचरांचा जो सपाट, वृक्षहीन मुलूख क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो, तो अनादि कालापासून असाच असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अंबा व भोगावती यांच्या खाड्यांलगतचा आणि दक्षिणेस रोह्याच्या बाजूला कुंडलिकेच्या खाडीकाठचा हा खारेपाट माणसांनी समुद्राच्या तोंडून काढून घेतलेला आहे, आणि उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आतल्या शेताच्या पातळीहून वर चढलेले असते, ही गोष्ट बांधावर स्वतः उभे राहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. देशावरच्या कुणब्याची मशागत नांगरापासून सुरू होते. इथल्या आगऱ्याची बांधापासून.

हा बांध, ज्यास लोक बाहेरकाठा म्हणतात, पाऊस सरल्यावर कोरड्या दिवसांत घातला जाई. खाडीतील चिकण मातीचे ओले गोळे कापून, माणसांची रांग लावून, हातोहात पुढे सरकवीत ती भिंत उभी करायची, लाटेचा मारा बसतो त्या अंगाला दगड बसवायचा, आणि हे सारे दोन उधाणांमधल्या भांगेच्या दिवसांत, पाणी कमी चढते तेवढ्या अवधीत, उरकायचे. बांधात उघाडी ठेवीत: ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. यंत्रशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या माणसांनी केलेली ही योजना आजच्या अभियंत्यासही कौतुक वाटावे अशी आहे. तिचा वैरी मात्र अगदी क्षुद्र: बांधात बीळ करणारा खेकडा. त्याच्या बिळातून झिरपा सुरू होतो, झिरप्याची धार होते, आणि एखाद्या अमावास्येच्या रात्री बांधाला खांड पडते. मग त्या खांडीतून शिरलेले खारे पाणी पुढील काही वर्षांचे पीक घेऊन जाते.

बांध पुरा झाला म्हणजे जमीन तयार झाली असे नव्हे. पावसाळ्यामागून पावसाळे तिच्यावर कोसळावे लागतात, क्षार धुऊन उघाडीवाटे खाडीत जावे लागतात, आणि मग प्रथम तेथे जगतो तो राता, तांबड्या दाण्याचा, खारेपणा सोसणारा भात. या जमिनीला आरंभी ना नांगर लागे, ना खत. पावसाने माती मऊ झाली की चिखलात बी फेकायचे. पाणी साचलेले असेल तर बी भिजवून, झाकून, मोड आणून ते पाण्यातच फेकायचे, ही रहूची रीत. पुढे मीठ उतरत जाई, माती गोडी होई, आणि तांबड्याच्या जागी पांढरा भात येई. एका पिढीने राता खावा आणि पुढच्या पिढीने पांढरा, असा हा संथ संस्कार होता, आणि तो सरकारी दप्तरात कोणत्या रकान्यात लिहावा हे ठरविणे सोपे नव्हते.

दप्तराने आपली वाट काढली ती शिलोत्री या नावाने. पूर्वी सांकशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेण तालुक्यात ती विशेष रुजली होती. बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी बिघ्यास एक मण भात, सरकारी धाऱ्याहून निराळे, वसूल करायचे आणि त्या बदल्यात बांध सांभाळायचा, असा शिलोत्रीदाराचा हक्क आणि असे त्याचे कर्तव्य. १८१८ साली पेशवाई बुडून कोकण इंग्रजांच्या अंमलाखाली आले, तरी नव्या सरकारने ही वहिवाट मोडली नाही. जो बांध राखतो त्याला भात, हा व्यवहार मुळात वाजवी होता. परंतु वहिवाटीचे हक्क टिकतात आणि त्यांच्यामागची कर्तव्ये झिजतात, हा महसुली इतिहासाचा नित्याचा अनुभव येथेही आला. कुळे मण मोजून देत राहिली आणि खांड पडली की टोपल्या घेऊन पुन्हा कुळेच धावत राहिली. शेजारच्या अलिबाग तालुक्यात खोतीविरुद्ध चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप मांडला आणि सहा वर्षे जमीन न कसता निभावून नेला, त्याची हवा या खाडीकाठाला लागली नसती तरच नवल. स्वराज्यानंतर १९४८ मध्ये खार जमिनींचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९५५ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क कायद्यानेच रद्द झाले. मण संपला, हे योग्यच झाले. पण बांध कोणाचा, हा प्रश्न मात्र गावकीच्या हातून कचेरीच्या हाती गेला, आणि कचेरीला खेकड्याचे बीळ गावकऱ्याइतक्या लवकर दिसत नाही.

ज्या मुलखात माती घडवायला पिढ्या लागतात, तेथे जन्मलेल्या किंवा वाढलेल्या माणसांचा मातीशी असलेला संबंधही पाहण्यासारखा आहे. पेण तालुक्यातील डोंगराकडच्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांनी भूदानाची पहिली जमीन स्वीकारली. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी योगेश्वर कृषी चालू केली, जीत गावकरी आळीपाळीने शेतावर राबतात आणि उत्पन्नावर कोणा एकाची मालकी सांगितली जात नाही. तिसरे चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री म्हणून त्यांना सारे ओळखतात. पण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी घेतलेला विषय निसर्गविज्ञान होता, आणि १९१७ मध्ये त्यांना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. याच गृहस्थांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. हिशेब, वनस्पती आणि संस्कृत काव्य यांचे असे सख्य एका व्यक्तीत क्वचितच आढळते. या तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार लाभला, अनुक्रमे १९५८, १९९६ आणि १९५९ साली. लगतच्या दोन तालुक्यांच्या वाट्याला हा मान तीनदा यावा, याचे श्रेय कोणी मातीला देऊ लागला तर त्याला अडविण्याची मला तरी निकड वाटत नाही.

खारेपाटाचे ऐश्वर्य केवळ भाताचे नाही. घराशेजारच्या तळ्यात वाढविलेला जिताडा हा येथील अभिमानाचा मासा. जावयाच्या ताटात तो वाढावा आणि कामे अडली की साहेबाच्या घरी पोहोचवावा, अशी त्याची दुहेरी ख्याती आहे. शास्त्रही या मातीकडे वळले: काळा राता, भुरा राता अशा जुन्या वाणांचा खारेपणा सोसण्याचा गुण पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने उपयोगात आणला, आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण तेथून शेतकऱ्यांपर्यंत आले.

तरीही खाऱ्या शेताची मुख्य अडचण कायम आहे. पावसाचे पाणी ओसरले आणि ऊन तापू लागले की खालचा क्षार पुन्हा वर चढतो आणि भात कापल्यानंतर जमीन पुढल्या मृगापर्यंत पडीक राहते. भोगावतीवर हेटवणे धरण झाले तेव्हा त्याच्या गोड्या पाण्यावर दुसरे पीक काढता येईल, ही आशा पेणच्या गावांना वाटू लागली. पुढे त्याच लाभक्षेत्रातील जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मागितल्या गेल्या आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमिनीच्या बाबतीत अशी जनमतचाचणी होणे हा प्रकारच नवा होता. जमीन देण्यास नकार देणाऱ्यांचे म्हणणे साधे होते: ज्या शेतासाठी धरण बांधले, त्या शेतापर्यंत आधी कालव्याचे पाणी येऊ द्या.