प्रतींनीं तारिलेलें पुराण

फादर स्तीफन्सकृत ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांतील राशोल येथें प्रथम छापिलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या; परंतु त्या तिहींतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि भाविकांनीं हातानें नकला उतरून घरोघर जतन केल्या होत्या. त्यांच्याच आधारें जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें हा ग्रंथ पुन्हां प्रसिद्ध केला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या बीड जिल्ह्यांत १९४८ पूर्वींच्या निजामी अमलांतील स्नानसंस्काराचीं वा विवाहाचीं छायाचित्रें कोणाच्या पेटींत असतील, तर तीं एकाच प्रतीच्या भरंवशावर ठेवूं नका. वाळवीस वाडवडिलांची ओळख नसते. दोन नकला करा. एक संगणकांत, दुसरी परगांवच्या आप्तांकडे ठेवा. नांवें व सालही लिहा.