वर्ध्याचा रफार

मोडी वाचणारी माणसे शोधावी लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अवघ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेली मराठीही आता तशीच झाली आहे, याकडे मात्र आपले लक्ष नाही.

सेलू तालुक्यातल्या वृद्धांच्या बेचाळीसच्या आठवणी एका शिक्षकांनी १९९८च्या सुमारास लिहून घेतल्या, टाइपही करवून घेतल्या. पुस्तक निघाले नाही. वह्या वाळवीने खाल्ल्या, सांगणारे गेले. उरली एक सीडी आणि तिच्यात पेजमेकर ६.५च्या अकरा फायली.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. इनडिझाइनने सीएस६पर्यंत या फायली उघडल्या, मग ती सोय काढून टाकली. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये २०१५ सालच्या ४.४ आवृत्तीपासून त्या उघडतात. मीही तिथेच उघडल्या. रकाने जागच्या जागी होते. मजकूर मात्र रोमन अक्षरे, युरोपीय स्वरचिन्हे आणि चलनचिन्हे यांची खिचडी.

कारण असे, की त्या काळच्या फाँटमध्ये अक्षर साठवलेलेच नसते, अक्षराचा आकार साठवलेला असतो. जेमतेम २५६ घरे. त्यांत अर्धे व्यंजन, काना, वेलांटी, रफार जसे बसतील तसे बसवलेले. श्रीलिपीची घरे वेगळी, आकृतीची वेगळी. 'वर्धा' हा शब्द तिथे व, ध, काना, रफार या क्रमाने असतो, म्हणजे डोळ्याला दिसतो तसा. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे लागतो: व, र, हलन्त, ध, काना. पहिली वेलांटी याच्या उलट, आधी येऊन बसते. 'स्थिती'तली वेलांटी अर्ध्या 'स'ला ओलांडून 'थ'च्या मागे न्यावी लागते.

खेद याचा, की उच्चाराप्रमाणे अक्षर साठवण्याची पद्धत आपल्याकडे आधीच होती. आयआयटी कानपूरचे 'जिस्ट'चे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच १९८८च्या मसुद्यावर उभी आहे. पण पेजमेकरला जोडाक्षरे जुळवता येत नव्हती आणि छापखान्याला उद्याचे पान आज हवे होते. त्यांना दोष देणे मला पटत नाही.

वर्ध्यातल्या एका जुन्या छापखान्याच्या संगणकावर नेमका तो फाँट सापडला. ३३ ते २५५ या घरांतले आकार क्रमांकासह छापून घेतले आणि तक्ता केला. आधी जोडाक्षरे बदलायची, मग सुटी अक्षरे, शेवटी वेलांटी आणि रफार हलवायचे. हा क्रम चुकला तर सगळे विसकटते. तयार परिवर्तके मी पाहिली होती. हिंदीसाठी केलेले एक 'वऱ्हाडी'चे 'वर्हाडी' करी. या फायलींत तर माणसे वऱ्हाडी वळणाचेच बोलतात, शिक्षकांनी ते तसेच ठेवले आहे. म्हणून शुद्धलेखन तपासणीही मी बंद ठेवली.

१६ ऑगस्टच्या आष्टीची बातमी आपल्या गावात कशी आली, हे एका आजींनी सांगितले आहे: बंडीतून आलेल्या पाहुण्याने बैल सोडायच्या आधीच ती सांगितली. हा तपशील मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

दहा फायली वाचून झाल्या. अकरावी दुसऱ्याच फाँटमध्ये आहे. तिचा तक्ता अर्धा झाला आहे.