धावपटूंच्या शरीरातील पाणी कसे मोजावे?

विरार, प्रतिनिधी : वसई-विरार महापालिकेची महापौर मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. स्पर्धा डिसेंबरमध्ये होत असली, तरी बोळिंज परिसरातील धावपटूंना तिचा सराव ऑक्टोबरच्या उकाड्यातच करावा लागतो. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाहतो, पण वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी मात्र कमी होत जाते. हे पाणी किती कमी झाले, हे ओळखण्याच्या काही पद्धती आहेत.

वजन : सर्वांत सोपी व उपयुक्त पद्धत. धावण्यापूर्वी व नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. ६० किलोच्या धावपटूचे वजन ५८.८ किलो भरले, तर घट २ टक्के झाली. यापुढे कामगिरी खालावू लागते. वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायले असल्यास एकूण घाम १.७ लिटर धरावा.

लघवी : सकाळची पहिली लघवी फिकट पिवळी असावी, गडद रंग पाण्याची कमतरता सुचवतो. मात्र ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा बीट खाल्ल्यानेही रंग बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने लघवीचे विशिष्ट गुरुत्व मोजता येते. ते १.०२० पेक्षा अधिक असल्यास पाणी कमी असल्याचे मानतात. अमेरिकेत १९९७ मध्ये वजन घटविताना तीन महाविद्यालयीन मल्लांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे कुस्तीत ही चाचणी सक्तीची झाली.

रक्त : रक्तद्रवाची ऑस्मोलॅलिटी अधिक अचूक, पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते.

एकाच खुणेवर विसंबू नये. सकाळी वजन कमी, लघवी गडद आणि तहान, यांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्यास पाणी कमी असण्याची शक्यता असते. तिन्ही दिसल्यास ती फार मोठी.

अतिरेकही तितकाच घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. शर्यतीनंतर वजन वाढलेले असेल आणि डोकेदुखी, उलट्या किंवा संभ्रम जाणवत असेल, तर आणखी पाणी न पाजता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. मॅरेथॉनच्या तयारीत बुटांइतकेच महत्त्व घरातल्या वजनकाट्याला द्यायला हवे, ते यासाठीच.