शाळेत जाण्याआधीची चार शतके

मूल शाळेत जाण्यापूर्वी त्याची तयारी करून घ्यावी, हा विचार आज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याला काही वंशावळ असेल असे मनातही येत नाही. आपल्याकडे या वळणावर पूर्वी एक विधी असे. चौलकर्म झालेल्या राजपुत्राला लिपी आणि संख्या शिकवावी, असे कौटिल्य सांगतो. पुढच्या धर्मनिबंधकारांनी मुलाच्या पाचव्या वर्षी हरी, लक्ष्मी आणि सरस्वती यांची पूजा करून विद्यारंभ करायला सांगितला. दसऱ्याचे पाटीपूजन या विधीशी नाते सांगणारेच. पण विधी एका दिवसात आटोपतो. त्याआधीच्या वर्षांत घराने काय करावे, याची सलग मांडणी वाचायची असेल, तर आपल्याला सतराव्या शतकातल्या पोलंडमधील लेश्नो या गावी जावे लागते.

तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत मायदेश सोडावा लागलेला यान आमोस कोमेनियस हा चेक धर्मगुरू १६२८ साली तिथे आश्रयाला आला. १६२२ च्या साथीत त्याची पत्नी आणि दोन मुले दगावली होती. ज्याचे घर असे उजाडले, त्यानेच घर ही मुलाची पहिली शाळा मानून पुस्तक लिहावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १६३३ साली जर्मन भाषेत छापलेल्या या पुस्तकात सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ काय काय शिकते, ते बारकाईने सांगितले आहे: पाणी, माती, पाऊस, आग यांची ओळख, थोडे आणि फार यांतला फरक, हातांची छोटी कामे, प्रार्थना. शेवटाकडचे एक प्रकरण तर मुलाला शाळेसाठी कसे तयार करावे यालाच वाहिलेले आहे. पालक शाळेचा आणि मास्तरांचा धाक घालतात, त्याने मूल आधीच बिचकते. त्याऐवजी शाळेबद्दल चांगले बोलावे, पाटी-पुस्तकाची ओढ लावावी, शिक्षकाशी ओळख करून द्यावी, असे तो पालकांना कळकळीने विनवतो. या पुस्तकाचा मूळ चेक मजकूर मात्र दोन शतकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिला. तो छापला गेला १८५८ साली.

मधल्या काळात लहान मुलांच्या शाळा निघाल्या, पण त्यांच्यामागची निकड वेगळी होती. रॉबर्ट ओवेनने १८१६ साली स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क येथे शिशुशाळा काढली, ती सूतगिरणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी. कोमेनियसचा धागा खऱ्या अर्थाने पुन्हा हाती घेतला तो फ्रीड्रिख फ्रोबेलने. जर्मनीतल्या बाड ब्लांकनबुर्ग येथे १८३७ साली त्याने काम सुरू केले आणि १८४० साली त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याचे लाकडी ठोकळे आणि चेंडू सर्वांना ठाऊक असतात. १८४४ साली त्याने आयांसाठी काढलेले गाण्यांचे, बोटांच्या खेळांचे आणि चित्रांचे पुस्तक तेवढे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मते फ्रोबेलचे मर्म त्या पुस्तकात आहे, कारण बालवाडीच्या दारात येईपर्यंतची वाट ते आईच्या हाती देते. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली, दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला आणि १८६० साली बंदी उठली. तोवर ही कल्पना समुद्रापार गेली होती. १८५६ साली मार्गारेट शुर्त्स यांनी अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी जर्मनभाषक मुलांसाठी किंडरगार्टन चालवले. १८७३ साली सुसान ब्लो यांनी ते सेंट लुइसच्या सरकारी शाळेत नेले. हे वळण आपण नीट लक्षात घ्यायला हवे. किंडरगार्टन हळूहळू शाळेचाच एक वर्ग होत गेले, आणि मग त्या वर्गात जाण्यासाठीही वेगळी तयारी हवी असे वाटू लागले.

ती गरज सर्वांत ठळक झाली १९६५ च्या उन्हाळ्यात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेत ‘हेड स्टार्ट’ सुरू झाले. शाळेत पाऊल टाकणाऱ्या गरीब घरांतल्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम, त्यात आरोग्यतपासणी, जेवण आणि पालकांचा सहभाग. पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक मुले आली. आठ आठवड्यांत गरिबीची पाच वर्षे भरून निघत नाहीत, हे लवकरच उमगले आणि कार्यक्रम वर्षभराचा झाला. १९६९ साली आलेल्या वेस्टिंगहाउस अहवालाने, मिळालेला लाभ पुढच्या इयत्तांत विरतो, असे सांगून मोठा वाद उभा केला. त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अविमा लोम्बार्ड यांनी वेगळी वाट धरली. स्थलांतरित कुटुंबांतल्या आयांकडे त्यांच्याच वस्तीतली प्रशिक्षित बाई जाई, आणि आई रोज थोडा वेळ मुलाला घेऊन बसे. कोमेनियसच्या पुस्तकातली आई तीन शतकांनी पुन्हा शिक्षिका झाली होती. अमेरिकेत पुढे प्रत्येक मूल शिकायला सज्ज होऊनच शाळेत येईल, असे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरले. त्याच उद्दिष्टांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने १९९८ साली उलटा प्रश्न विचारला, की मुलांसाठी शाळा सज्ज आहेत का?

हा प्रश्न आपल्याकडे त्याच्या अर्धशतक आधी कृतीतून विचारला गेला होता. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरात काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, शिंपले, बिया आणि खडे मांडून मोजायचे. आया दारात उभ्या राहून बघायच्या आणि बघता बघता त्यांतल्या काही हाताशी येऊन बसायच्या. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी विकासवाडी ही ताराबाईंची कल्पना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत पुढची वाटते. एका वर्गातून दुसऱ्यात जाताना मुलाला परकेपणा वाटू नये आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यापायी थोरल्या बहिणीची शाळा बुडू नये, ही दोन्ही कामे त्या एका रचनेने साधली.

अंगणवाडी हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेले, मात्र योजनेत आहार आणि लसीकरण यांचा भार मोठा होता. शहरांत उलट चित्र दिसू लागले: तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत, सोबत आईवडिलांचीही. १९९३ च्या यशपाल समितीने शिशुवर्गासाठीच्या अशा चाचण्यांना स्पष्ट विरोध केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणे बेकायदा ठरवले. ११ वे कलम तीन वर्षांपुढच्या मुलांना प्राथमिक शिक्षणासाठी तयार करण्याविषयी बोलते, पण सरकारवर ते बंधनकारक करत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि २०२१ साली पहिलीच्या मुलांसाठी ‘विद्या प्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळांतून तयारीचा कार्यक्रम आला.

करोनाकाळात अंगणवाड्या बंद राहिल्याने एक अख्खी पिढी थेट पहिलीच्या दारात उभी होती. अशा वेळी, २०२२ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. जिल्हा परिषदेच्या शाळांत मेळावे भरले, मुले एकेका टेबलाशी जाऊन उड्या मारणे, वस्तूंची वर्गवारी, चित्र पाहून बोलणे, मोजणे असे खेळ खेळली, आणि सुट्टीत घरी करायच्या कृती घेऊन गल्लीगल्लीत मातागट बसले. चार शतकांची ही वाट आज इथवर आली आहे. धोरणात एक झालेल्या या पाच वर्षांतली अंगणवाडी मात्र अजून महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि पहिली शालेय शिक्षण विभागाकडे. बहुतेक गावांत हे अंतर अंगणवाडी सेविका आणि पहिलीच्या बाई आपापसांत बोलून भरून काढतात, आणि विकासवाडीने एका छपराखाली आणलेली कामे सरकारनेही एकत्र आणावीत, ही त्या दोघींची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.